मेणबत्तीपासून मंगळापर्यंत

विज्ञानाची जगातली सर्वात जुनी दूरचित्रवाणी मालिका म्हणून जिचे नाव घेतले जाते, तिला ना कथानक आहे, ना नटनट्या. एक सभागृह, मधोमध लांबरुंद टेबल, टेबलामागे त्या विषयात हयात घालवलेला एक माणूस आणि समोर शाळकरी मुले, एवढाच तिचा ऐवज. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधली ही नाताळ व्याख्याने १८२५ साली सुरू झाली. १९३६ च्या डिसेंबरात, बीबीसीची दूरचित्रवाणी सेवा सुरू होऊन जेमतेम दोन महिने होत असताना, ती पहिल्यांदा पडद्यावर आली आणि १९६६ पासून दरवर्षी दिसत आहेत. दुसऱ्या महायुद्धातली १९३९ ते १९४२ ही वर्षे सोडली तर सभागृहातली परंपरा कधी तुटलेली नाही. व्याख्याते बदलले, वाहिन्या बदलल्या, घोडागाडीतून येणारी मुले भुयारी रेल्वेने येऊ लागली. टेबल आणि त्याच्यामागे उभा राहणारा जाणकार मात्र कायम राहिला.

या पुस्तकात त्यांतल्या निवडक व्याख्यानांचा मराठी परिचय आहे. प्रस्तावनेत प्रत्येक लेखाची ओळख करून देण्यात अर्थ नाही, लेख स्वतःच ते काम करतील. मला सांगायचे आहे ते वेगळे. ऐकणाऱ्याला जागे करणारे भाषण कशाने होते, याविषयी या दोनशे वर्षांतून काही निश्चित शिकता येते, आणि व्याख्यानांची एवढी हौस असलेल्या महाराष्ट्राने ते शिकायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

व्याख्यानांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्यानंतर गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या, ग्रंथालयांच्या, गणेशोत्सवांच्या, कामगार मंडळांच्या. सतरंजीवर बसून तास-दीड तास एखाद्या विद्वानाला ऐकून घेण्याची सवय मराठी समाजाला लागली ती या मालांमुळे, आणि ही सवय मोलाची आहे. पण या व्याख्यानांचा श्रोता मुख्यतः प्रौढ होता आणि त्यांचे साधन मुख्यतः शब्द. वक्ता सांगतो, आपण मान डोलावतो. त्याने सांगितलेले तिथल्या तिथे पडताळून पाहण्याची सोय सहसा नसते. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या टेबलावर नेमकी तीच सोय आहे.

ही संस्था स्थापन झाली १७९९ साली. विज्ञानातले नवे ज्ञान आणि यंत्रे लोकांपर्यंत पोचवावीत, ती रोजच्या व्यवहारात कशी उपयोगी पडतील ते शिकवावे, या हेतूने काउंट रम्फर्ड आणि इतरांनी ती उभी केली. आल्बमार्ल स्ट्रीटवर २१ क्रमांकाच्या इमारतीत ती आजही आहे. सुरुवातीच्या काळात तिथे हंफ्री डेव्ही रसायनशास्त्रावर व्याख्याने देत असे, तेव्हा श्रोत्यांच्या घोडागाड्यांनी रस्ता इतका तुंबे की तो एकेरी वाहतुकीचा करावा लागला. लंडनमधला तो पहिला एकेरी रस्ता, असे सांगितले जाते. सभागृह अर्धवर्तुळाकार आणि चढत्या पायऱ्यांचे, साधारण चारशे माणसे मावतील एवढे. शेवटच्या ओळीतल्या मुलालाही टेबलावरची परीक्षानळी दिसावी असा त्याचा उतार आहे. या वास्तूचा त्या व्याख्यानांच्या यशात फार मोठा वाटा आहे, असे मला वाटते. जिथे वक्ता उंच मंचावर आणि श्रोते खाली असतात, तिथे वक्त्याकडे मान वर करून पाहावे लागते. इथे श्रोते वर आणि वक्ता खाली. मुले त्याच्या हातांकडे पाहतात.

डेव्हीच्या श्रोत्यांमध्ये १८१२ साली एक विशीचा तरुण होता. लोहाराचा मुलगा, शाळा जुजबी झालेली, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली होती. त्याने चारही व्याख्यानांची टिपणे काढली, ती पुन्हा नीट लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधून त्यांचे पुस्तक केले आणि ते डेव्हीला पाठवून दिले. १८१३ च्या मार्चमध्ये त्याला संस्थेत रासायनिक साहाय्यकाची नोकरी मिळाली. मायकेल फॅरडे तो हाच. पुढे १८३१ साली त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला आणि आज आपल्या घरी येणारी बहुतेक वीज त्याच तत्त्वावर तयार होते. एका व्याख्यानाने माणूस बदलतो असे आपण सहज बोलून जातो. फॅरडेच्या बाबतीत त्याचा लेखी पुरावा शिल्लक आहे.

म्हणूनच की काय, व्याख्यान ही गोष्ट त्याने आयुष्यभर गांभीर्याने घेतली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, स्वतः एकही व्याख्यान देण्यापूर्वी, त्याने आपल्या मित्राला पत्रे लिहून उत्तम वक्त्याची लक्षणे मांडली होती. सभागृह कसे असावे, हवा खेळती का हवी, उपकरणे कशी मांडावीत, श्रोत्याचे लक्ष किती वेळ टिकते, सगळ्याचा विचार त्यात आहे. पुढे त्याने बेंजामिन स्मार्ट या शिक्षकाकडे वक्तृत्वाचे धडे घेतले. आपण घाईत बोलतो हे त्याला ठाऊक होते, म्हणून समोर 'सावकाश' असे लिहिलेले कार्ड ठेवण्याची व्यवस्था त्याने केली होती. जगातला पहिल्या प्रतीचा प्रयोगवैज्ञानिक मुलांपुढे उभे राहण्यासाठी एवढी तयारी करत होता. १८२७ ते १८६० या काळात त्याने नाताळ व्याख्यानांच्या एकोणीस मालिका दिल्या. १८५५ सालच्या मालिकेला राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट आपल्या मुलांना घेऊन आले होते. त्या प्रसंगाचे चित्र अलेक्झांडर ब्लेकलीने काढले, आणि १९९१ साली बँक ऑफ इंग्लंडने वीस पौंडांची जी नोट काढली तिच्यावर फॅरडेबरोबर हेच सभागृह होते. एखाद्या देशाने मुलांसाठीचे व्याख्यान नोटेवर छापावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्या एकोणीस मालिकांतली सर्वात गाजलेली मेणबत्तीवरची. १८४८ मध्ये त्याने ती पहिल्यांदा दिली आणि १८६० च्या नाताळात पुन्हा. एकूण सहा व्याख्याने, आणि विषय एकच: मेणबत्ती जळते तेव्हा काय होते. तिथे थोडे थांबू या, कारण सगळी मेख याच व्याख्यानांत आहे.

फॅरडे आधी टेबलावर नाना प्रकारच्या मेणबत्त्या मांडतो. चरबीच्या, मेणाच्या, देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या पदार्थाच्या, जपानमधून आलेल्या. त्यांत एक 'रॉयल जॉर्ज' या जहाजावरची आहे. हे जहाज १७८२ साली बुडाले होते आणि मेणबत्ती कित्येक वर्षे खाऱ्या पाण्याखाली राहून वर आली होती. तडे गेलेली, तुटकी. फॅरडे ती पेटवतो आणि ती व्यवस्थित जळते. मग तो मुलांना ज्योतीखालच्या वाटीकडे पाहायला लावतो. मेण वितळते, पण वाटीचा काठ घट्ट राहतो. का? ज्योतीच्या उष्णतेने हवा वर जाते, तिची जागा घ्यायला बाजूने थंड हवा येते आणि ती काठाला थंड ठेवते. वितळलेले मेण वातीतून वर चढते ते केशाकर्षणाने. इथवर एकही अवघड शब्द आलेला नाही आणि मुलांच्या हाती तीन नियम लागले आहेत.

पुढे तो ज्योतीच्या पोटात शिरतो. वाकवलेल्या काचेच्या नळीचे एक टोक तो ज्योतीच्या मधल्या काळसर भागात धरतो. नळीतून पांढरी वाफ येते आणि दुसऱ्या टोकाला काडी लावताच तिथे दुसरी ज्योत पेटते. म्हणजे जळते ते मेण नव्हे, मेणाची वाफ. हे पटले नसेल तर आणखी पाहा: मेणबत्ती विझवायची, आणि वातीतून निघणाऱ्या धुराच्या रेषेला वातीपासून दोन-तीन इंच वर जळती काडी लावायची. आग त्या रेषेवरून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. मग प्रखर दिव्याच्या उजेडात तो ज्योतीची सावली पडद्यावर पाडतो. आपल्याला जो भाग सर्वात उजळ दिसतो, त्याचीच सावली सर्वात गडद पडते. कारण तिथे काजळीचे घन कण आहेत. तेच तापून चमकतात आणि तेच दिव्याचा उजेड अडवतात. मेणबत्तीचा प्रकाश काजळीने पडतो, हे वाक्य नुसते सांगितले असते तर मुलांनी ते घोकले असते. पडद्यावरची सावली पाहिल्यावर ते घोकावे लागत नाही.

मग तो ज्योतीवर थंडगार भांडे धरतो आणि भांड्याखाली पाण्याचा थेंब जमा होतो. आगीतून पाणी! पाण्यातून हायड्रोजनकडे, हायड्रोजनमधून ऑक्सिजनकडे, तिथून हवेकडे आणि ज्वलनाने निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडकडे तो पायरी पायरीने जातो. मेणबत्तीच्या ज्योतीतून निघणाऱ्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ होते. शेवटच्या व्याख्यानात तो त्याच निवळीत नळीने फुंकर घालतो आणि ती तशीच दुधाळ होते. मुलाच्या श्वासातही तेच चालले आहे. सहा तासांपूर्वी स्वयंपाकघरातल्या मेणबत्तीपासून निघालेला माणूस तुम्हांला तुमच्या फुप्फुसापर्यंत आणून सोडतो, आणि वाटेत एकदाही 'यावर विश्वास ठेवा' असे म्हणत नाही.

विल्यम क्रूक्सने ही व्याख्याने लघुलिपीतून उतरवून घेतली आणि १८६१ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याचा परिणाम आजही मोजता येतो. २०१९ साली लिथियम-आयन बॅटरीसाठी नोबेल मिळालेले जपानचे अकिरा योशिनो यांनी सांगितले आहे की, प्राथमिक शाळेत शिक्षिकेने हे पुस्तक वाचायला सुचवले आणि रसायनशास्त्राची ओढ तिथून लागली. २०१६ चे नोबेलविजेते योशिनोरी ओसुमी यांनीही याच पुस्तकाचे नाव घेतले आहे. दुसरे उदाहरण डोरथी हॉजकिन यांचे. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९२३ साली 'वस्तूंचे स्वरूप' या विषयावर नाताळ व्याख्याने दिली. त्यांचे पुस्तक झाले, ते डोरथीला शाळकरी वयात आईने दिले, आणि क्ष-किरणांनी रेणूची रचना 'पाहता' येते हे तिला त्यातून कळले. पुढे पेनिसिलिनची आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रचना त्यांनी उलगडली; १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले. या तिघांपैकी कुणीही त्या सभागृहात बसून ती व्याख्याने ऐकली नव्हती. मराठी परिचयाच्या या पुस्तकामागची आशा त्यातूनच आलेली आहे.

आता दूरचित्रवाणीकडे. १९३६ साली पडद्यावर आलेले पहिले व्याख्याते होते जी. आय. टेलर आणि विषय होता जहाजे. प्रवाही पदार्थांच्या गतीवर त्यांचे मूलभूत काम आहेच, पण नांगरटीच्या फाळासारख्या दिसणाऱ्या एका नव्या जहाजी नांगराची रचनाही त्यांनी केली होती. सूत्र आणि दोरखंड दोन्ही हाताळलेला माणूस. त्या वर्षी संच फार थोड्या घरांत होते, तेही लंडनच्या आसपास. खरा प्रसार झाला १९६६ नंतर. त्या वर्षी एरिक लेथवेट यांनी रेषीय मोटरवर व्याख्याने दिली. फिरणाऱ्या मोटरला उलगडून सरळ पसरले तर ती वस्तूला फिरवण्याऐवजी पुढे ढकलते, हे त्यांनी मुलांना दाखवले. चुंबकीय गाड्यांची आज जी चर्चा होते, तिच्यामागे त्यांच्या या कामाचाही हात आहे.

कॅमेऱ्याने काय केले? माझ्या मते त्याने सभागृहाचा उतार आणखी वाढवला. शेवटच्या ओळीतल्या मुलाला टेबल दिसावे म्हणून बांधलेल्या त्या वास्तूला आता लाखो ओळी जोडल्या गेल्या. पण एक गोष्ट निर्मात्यांनी जपली, आणि ती जपली नसती तर ही मालिका इतर माहितीपटांत हरवली असती. समोर खरी मुले राहिली. ती हात वर करतात, टेबलाशी येतात, दोर ओढतात, चुकीचे उत्तर देतात. व्याख्यात्याला पडद्याशी बोलता येत नाही, मुलांशीच बोलावे लागते. आणि मुलांशी बोलणाऱ्या तज्ज्ञाला पारिभाषिक शब्दांच्या आड उभे राहता येत नाही.

१९७३ साली डेव्हिड ॲटनबरो प्राण्यांच्या भाषांवर बोलले. १९७८ मध्ये क्रिस्टोफर झीमन यांनी पहिल्यांदाच गणितावर मालिका दिली. गणिताचे प्रात्यक्षिक कसे करणार, हा प्रश्न तेव्हा स्वाभाविक होता. पण त्या व्याख्यानांना मिळालेल्या प्रतिसादातूनच शाळकरी मुलांसाठी गणिताचे खास वर्ग निघाले आणि ते आजही चालतात. १९९४ मध्ये सुसान ग्रीनफील्ड मेंदूवर बोलल्या. त्या या टेबलामागे उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री. परंपरा सुरू होऊन तोवर जवळजवळ एकशे सत्तर वर्षे झाली होती. हा उशीर कोणत्याही सबबीखाली झाकता येणार नाही. फॅरडेच्या काळी समोर बसणारी मुलेही बहुतेक सुखवस्तू घरांतलीच होती, हेही विसरता कामा नये. दूरचित्रवाणीने निदान ही दुसरी भिंत बरीचशी पाडली.

या पुस्तकातला कार्ल सेगनवरचा लेख मी दोनदा वाचला. १९७७ साली त्यांनी ग्रहांवर व्याख्याने दिली. तो क्षण मोठा विलक्षण होता. आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, व्हायकिंगची दोन याने मंगळावर उतरली होती आणि तिथली माती, तिथले आकाश यांची छायाचित्रे ताजी होती. दोन्ही व्हॉयेजर याने त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली होती आणि गुरूपर्यंत पोचायला त्यांना अजून दीडएक वर्ष होते. म्हणजे मंगळाविषयी सेगन सांगत होते ते नुकतेच कळलेले, आणि गुरू-शनीच्या चंद्रांविषयी सांगत होते ते अजून कळायचे. त्यांनी या दोहोंतली सीमारेषा पुसली नाही. समोरच्या बारा वर्षांच्या मुलाला कळत होते की, याचे उत्तर आज कुणालाच ठाऊक नाही आणि ते घेऊन येणारे यान आत्ता, या क्षणी वाटेत आहे. १९७९ पासून ती उत्तरे येऊ लागली, तेव्हा तीच मुले वर्तमानपत्र उघडून वाट पाहत असतील. 'कॉसमॉस' ही त्यांची जगप्रसिद्ध मालिका १९८० मधली. भव्यतेत ती कितीतरी पुढे आहे. पण उत्कंठेचे म्हणाल तर मी या व्याख्यानांना पसंती देईन.

रिचर्ड डॉकिन्स यांच्या १९९१ च्या मालिकेतला एक प्रयोग असाच मनात ठसणारा आहे. छताला टांगलेला जड गोळा ते आपल्या चेहऱ्यापर्यंत ओढून धरतात आणि सोडून देतात. गोळा दूर जातो आणि त्यांच्याच चेहऱ्याच्या दिशेने परत येतो. ते हलत नाहीत. हवेच्या विरोधात आणि घर्षणात थोडी ऊर्जा गेलेली असते, त्यामुळे लोलक सोडला त्या उंचीच्या वर कधीच येऊ शकत नाही. गोळा चेहऱ्याच्या अलीकडेच थांबतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आपल्या पाठ्यपुस्तकातही आहे. पण त्या नियमावर आपले नाक पणाला लावणारा माणूस पाहिलेल्या मुलाला तो वेगळ्या रीतीने कळतो. एकच अट: सोडताना ढकलायचे नाही आणि पुढे सरकायचे नाही. हा प्रयोग करू पाहणाऱ्या शिक्षकांनी ती काटेकोर पाळावी.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण प्रात्यक्षिकाची मोहिनी दुधारी असते. लेथवेट यांचाच अनुभव आहे. १९७४ मध्ये त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या शुक्रवारच्या व्याख्यानात प्रौढ श्रोत्यांपुढे भिरभिरते चाक, म्हणजे जायरोस्कोप, दाखवले. दांड्याच्या टोकाला बसवलेले जड चाक थांबलेले असताना एका हाताने उचलवत नव्हते, गरगर फिरत असताना ते त्यांनी सहज डोक्यावर नेले. पाहणारा थक्क व्हावा असेच ते दृश्य होते. त्यावरून त्यांनी सुचवले की न्यूटनचे नियम इथे अपुरे पडतात. शास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही, आणि ते व्याख्यान संस्थेने छापले नाही. पुढे जायरोस्कोप न्यूटनच्या नियमांप्रमाणेच वागतो हे त्यांनी स्वतःही मान्य केले. डोळ्यांना दिसले ते खरे होते, त्याचा लावलेला अर्थ चुकीचा होता. संस्थेचा निर्णय मला योग्य वाटतो. वक्ता लोकप्रिय आहे, प्रयोग डोळे दिपवणारा आहे, सभागृह भरलेले आहे, तरी दाव्याची पारख झालीच पाहिजे. ज्या व्यासपीठावर अशी पारख होत नाही, तिथे तज्ज्ञ आणि जादूगार यांच्यात फरक उरत नाही.

आज प्रेरणा देणाऱ्या भाषणांचे पीक उदंड आहे. टेडच्या अठरा मिनिटांच्या भाषणांनी जगभर एक नवा साचा रूढ केला. डिसेंबर २०१७ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती शाहरुख खानच्या सूत्रसंचालनाखाली स्टार प्लसवर आली, आणि विज्ञानाचे काम करणारी माणसे मनोरंजनाच्या वाहिनीवर आपल्या भाषेत बोलताना दिसली. हे चांगले झाले, असेच मी म्हणेन. पण या साच्यात एक धोका आहे आणि आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांतल्या भाषणांत तो पुरता उतरला आहे. वक्ता विषयाऐवजी स्वतःविषयी बोलतो. मी कसा पडलो, कसा उठलो, कसा जिंकलो. मुले भारावून टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती काहीच नसते. फॅरडेइतकी हलाखीतून वर आल्याची कहाणी कुणाकडे असेल? पुस्तकबांधणीच्या दुकानातून नोटेवर पोचलेला माणूस तो. पण मेणबत्तीच्या सहा व्याख्यानांत त्याने ती सांगितली नाही. तो ज्योतीविषयी बोलला. योशिनोंच्या मनात जे पेटले ते त्या ज्योतीने, फॅरडेच्या चरित्राने नव्हे.

नाताळ व्याख्यानांवरही काळाचा दाब आहेच. पूर्वी पाच-सहा व्याख्यानांची मालिका असे, २०१० पासून ती तीनवर आली. सहा व्याख्यानांत विषयाला जो श्वास घेता येतो तो तीनांत येत नाही. तरीही दर्जा टिकून आहे. कराचीत जन्मलेले सैफुल इस्लाम २०१६ मध्ये ऊर्जेवर बोलले तेव्हा त्यांनी हजाराहून अधिक लिंबांची बॅटरी जोडून दाखवली. २०१९ मध्ये हॅना फ्राय गणितावर बोलल्या, तर २०२१ मध्ये जोनाथन व्हॅन-टॅम यांनी कोविडची साथ चालू असतानाच विषाणू आणि लस समजावून सांगितल्या. जुनी-नवी बरीच व्याख्याने आता संस्थेने जालावर विनामूल्य ठेवली आहेत. इंग्रजीची अडचण नसेल तर लेख वाचून झाल्यावर मूळ व्याख्यान जरूर पाहावे.

आपला या परंपरेशी संबंध नाही असे मात्र समजू नये. २९ जानेवारी १८९७ रोजी जगदीशचंद्र बोस यांनी याच संस्थेत शुक्रवारचे व्याख्यान दिले आणि स्वतः बनवलेल्या उपकरणांनी विद्युत-लहरींचे प्रयोग करून दाखवले. त्याआधी १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी कलकत्त्यात विज्ञानसंवर्धनासाठी संस्था काढली ती रॉयल इन्स्टिट्यूशन डोळ्यांसमोर ठेवून. तिथेही लोकांसाठी व्याख्याने होत. सरकारी हिशेबखात्यात नोकरीला असलेला एक तरुण १९०७ पासून कचेरी सुटल्यावर त्या संस्थेत प्रयोग करायला जाऊ लागला. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध त्याच संस्थेत लागला. आणि त्याच रामन यांनी १९६८ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, अहमदाबादेत 'आकाश निळे का' या एका प्रश्नावर व्याख्यान दिले. मेणबत्तीची रीत ती हीच: सर्वांनी पाहिलेली एक गोष्ट घ्यायची आणि तिचा पिच्छा सोडायचा नाही.

महाराष्ट्रातही हे काम झालेले आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. नाताळ व्याख्यानांचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले ते नेमके हेच वर्ष. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुकाने शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्याने ठेवली, मराठीतून आणि इंग्रजीतून. तिथल्याच मुलांच्या विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. जागतिक कीर्तीचा खगोलशास्त्रज्ञ सातवीच्या मुलाचा प्रश्न पूर्ण ऐकून घेत असे आणि मराठीत उत्तर देत असे, यात जी शिकवण होती ती कुठल्याही प्रेरक भाषणात मिळणार नाही. पण ही बेटे आहेत. पुण्या-मुंबईपासून दूर, तालुक्याच्या गावी एखाद्या मुलीला खरा जाणकार आपल्या विषयाची वस्तू हातात घेऊन बोलताना बघायला मिळतो का? क्वचितच.

वास्तविक जाणकार तिथेही आहेत. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर आहेत, वीज उपकेंद्रातले अभियंते आहेत, कृषी विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ आहेत, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज रसाची शुद्धता मोजणारे रसायनतज्ज्ञ आहेत. त्यांना कुणी बोलावत नाही. बोलावले तर हारतुरे, प्रास्ताविक, परिचय यांत अर्धा तास जातो आणि उरलेल्या वेळात त्यांच्याकडून जीवनाविषयी चार उपदेश ऐकायची अपेक्षा असते. त्यांना उपदेश मागू नका. उसाच्या रसात साखर किती ते प्रकाशाच्या साहाय्याने कसे मोजतात, एवढे मुलांसमोर करून दाखवायला सांगा.

२८ फेब्रुवारीला आपल्या शाळांमध्ये राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. बहुतेक ठिकाणी निबंध, रांगोळी आणि पाठ केलेली भाषणे होतात. शिक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्या दिवसातला एक तास मोकळा ठेवा. सभागृह नसेल तर पटांगणात मुलांना अर्धवर्तुळात बसवा, मध्ये टेबल मांडा, आणि गावातल्या एका जाणकाराला त्याच्या विषयाचे एक तरी प्रात्यक्षिक घेऊन उभे करा. मुलांना प्रश्न विचारू द्या, टेबलापाशी येऊ द्या. कुणाला बोलवायचे ते तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांना तयारीला वेळ लागेल, म्हणून आजच विचारा.